रिस्क, पेरिल, हॅझर्ड, लायबिलिटी: पॉलिसीतली ही भाषा कुणी नीट समजावेल का? (दुकानाचा बोर्ड पडल्याचं प्रकरण)

हातोडी_खिळे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय, गोड मानून घ्या.

चिपळूणला बाजारपेठेत आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं, आता मी बघतो. गेल्या महिन्यात वळवाचा पाऊस आला त्यात आमचा बोर्ड, लोखंडी फ्रेमवर फ्लेक्स, बारा फूट बाय तीन, एका बाजूने सुटला आणि खाली लावलेल्या ॲक्टिव्हावर आला. गाडीचा पुढचा सगळा भाग गेला ते एक परवडलं, पण बाजूला एक शाळकरी पोरगा उभा होता त्याच्या खांद्याला फ्रेमचा कोपरा लागला. सात टाके आणि कॉलरबोनला क्रॅक. मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेला, बिल मीच भरलं. पोरगा आता बरा आहे, हात गळ्यात बांधून दुकानासमोरून शाळेत जातो, मला बघून हसतो पण.

मला वाटलेलं दुकानाचा विमा आहे, दर वर्षी न चुकता हप्ता जातो. एजंटला फोन केला तर म्हणतो, बोर्डाचा क्लेम टाका, साइन बोर्डचं सेक्शन आहे तुमचं, पण गाडी आणि पोरगा यांचं नाही मिळणार, ती लायबिलिटी झाली, ती तुम्ही घेतलेली नाही. मी म्हटलं अहो कागदावर रिस्क कव्हर्ड लिहिलंय. तर म्हणाला, ती रिस्क वेगळी.

आता रिन्यूअलचा फॉर्म समोर आहे. एका पानावर 'रिस्क लोकेशन', दुसऱ्यावर 'इन्शुअर्ड पेरिल्स', तिसऱ्यावर 'हॅझर्डस गुड्स ठेवता का, हो/नाही'. डिक्शनरीत बघितलं तर तिन्हीला धोका. वडील म्हणतात धोका म्हणजे धोका, त्यात काय आंब्यासारखे प्रकार असतात का. कुणी जाणकार असेल तर सांगा, फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

कल्याण_स्लो

पोरगा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. बाकी विषयात मी ढ, वाचतोय.

निवृत्त_सर्व्हेअर

हातोडी_खिळे, हे शब्द वेगळे आहेत आणि त्यांच्यातल्या फरकावरच क्लेमचे पैसे मिळतात किंवा जातात, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. चौतीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून, म्हणजे नुकसान बघून आकडा काढणारा म्हणून, हेच केलं, आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतो, वेळ आहे, सविस्तर लिहितो.

पेरिल म्हणजे जे प्रत्यक्ष येऊन नुकसान करतं ते. आग, वीज, पूर, वादळ, दंगल. पॉलिसीत त्यांची नावं लिहिलेली असतात आणि ज्याचं नाव नाही त्याचे पैसे नाहीत. जुन्या फायर पॉलिसीचं नावच बघा, स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स. लोक तिला आगीचा विमा म्हणायचे आणि पुराचे पैसे मागायला आले की आम्ही म्हणायचो आत एसटीएफआय आहे का बघा, म्हणजे स्टॉर्म, टेंपेस्ट, फ्लड, इनंडेशन. काहींनी थोडा हप्ता वाचवायला तेवढं काढून टाकलेलं असायचं. नदीकाठच्या गावात!

हॅझर्ड स्वतः नुकसान करत नाही. पेरिल यायची शक्यता तो वाढवतो, नाहीतर आल्यावर नुकसान वाढवतो. तुमच्या दुकानात थिनरचे डबे असणार, टर्पेंटाइन असणार. थिनर आग लावत नाही पण ठिणगी पडली की पाच मिनिटांचं काम एका मिनिटात करतो. उघडी वायर, गवताचं छप्पर, पूररेषेच्या आतली जागा, सगळे हॅझर्ड. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आपल्याकडे असं धरतात. तुमचं दुकान कुठल्या रेषेत आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

आणि रिस्क. पुस्तकात ती म्हणजे नुकसान होईल की नाही याची अनिश्चितता. पण ऑफिसात आम्ही हा शब्द वेगळाच वापरतो, ज्याचा विमा उतरवला ती वस्तूच रिस्क. 'रिस्क बघून आलो' म्हणजे दुकान बघून आलो. 'रिस्क चांगली आहे' म्हणजे माल नीट रचलाय, वायरिंग धड आहे, मालक भला दिसतो. म्हणून तुमच्या फॉर्मवर रिस्क लोकेशन आहे, म्हणजे नुसता दुकानाचा पत्ता. घाबरू नका.

नवीन माणसाला हे चमत्कारिक वाटतं, पण माझी आजी हेच म्हणायची. एसटीत बसताना पदर ओढून घ्यायची आणि सांगायची, 'अंगावर जोखीम आहे, नीट बस.' जोखीम म्हणजे तिच्या पाटल्या. वस्तू आणि तिचा धोका, दोन्हीला एकच शब्द. आपल्या व्यापाऱ्यांकडे जोखमी हुंडी पण असायची, माल बंदरात सुखरूप लागला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, जहाज बुडालं तर नाही. विमा आणि हुंडी एकाच कागदात.

लायबिलिटीचं उद्या लिहितो, आत्ता जेवायला हाक आली.

कल्याण_स्लो

म्हणजे पेरिल हा चोर आणि हॅझर्ड म्हणजे रात्री उघडं राहिलेलं मागचं दार. बरोबर ना काका?

निवृत्त_सर्व्हेअर

चालेल. आणि आजीच्या पाटल्या म्हणजे रिस्क.

नट_बोल्ट_पुणे

छान माहिती काका. धागाकर्ते, एक विचारतो राग मानू नका, बोर्ड सुटला कसा? वळवाच्या वाऱ्याने सगळ्या पेठेतले बोर्ड नाही ना पडले.

हातोडी_खिळे

खरं सांगू का, लाज वाटते सांगायला. चार बोल्ट होते त्यातले दोन गंजून कागद झालेले. आणि मी बोल्ट विकतो. दिवसाला किलोवारी विकतो. पेठेत सगळे हसतायत.

त्या फ्रेमची गोष्ट अशी की २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी पेठेत शिरली तेव्हा आमच्या दुकानात माळ्याला टेकलं पाणी, बोर्ड पूर्ण बुडाला. गाळ काढता काढता आठ दिवस गेले. फ्लेक्स फाटलेला पण फ्रेम शाबूत होती म्हणून धुतली, वरून रंग मारला आणि तीच परत चढवली. पैसेच नव्हते हो तेव्हा. त्या क्लेममध्ये पण असाच शब्दांनी मार खाल्ला होता, आता आठवलं.

निवृत्त_सर्व्हेअर

सांगा ना ते, इथल्या बाकीच्यांच्या उपयोगी पडेल.

हातोडी_खिळे

सांगतो. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) लोन होतं म्हणून विमा बँकेनेच काढलेला, आधीच्या वर्षीचा, जुन्या फायर पॉलिसीवाला. कागद मी कधी बघितलाच नव्हता, हप्ता खात्यातून कटायचा. कव्हर होतं बारा लाखांचं. माल मात्र त्या दिवशी पावसाळ्याच्या तयारीचा भरलेला, ताडपत्र्या, पत्रे, वॉटरप्रूफिंग, धरून अठरा लाखांचा होता. सिमेंटच्या गोण्या सगळ्या दगड झाल्या, मोटर पंप गेले, प्लायवूड फुगून पुस्तकासारखं उलगडलं. नुकसान बसलं नऊ लाखांचं. मी म्हटलं बारा लाखांचं कव्हर आहे, नऊ मिळतील. मिळाले सहाला पण कमी.

आणि एक गंमत सांगतो. रंगाचे डबे हवाबंद असतात, आतला रंग चांगला राहिला, पण पाण्यात सगळी लेबलं निघून गेली. चारशे डबे, आत कुठला रंग कुणाला माहीत नाही. सर्व्हेअरसाहेब स्क्रू ड्रायव्हरने एकेक झाकण उचकटून बघत होते, हा निळा, हा पिवळा, हा परत निळा. मग म्हणाले माल चांगला आहे, याची सॅल्व्हेज किंमत, म्हणजे वाचलेल्या मालाची किंमत, धरावी लागेल. मी म्हटलं साहेब गिऱ्हाईक माझ्याकडे 'एखादा निळा द्या' म्हणून येत नाही.

निवृत्त_सर्व्हेअर

हाहा, तो माणूस मी नव्हतो हे आधी सांगतो!

तुम्हाला लागला तो ॲव्हरेज क्लॉज. अठरा लाखांचा माल असताना बाराचाच विमा, म्हणजे दोन तृतीयांश. उरलेल्या एक तृतीयांशाचा विमा तुम्ही स्वतःच स्वतःकडे उतरवलात असं पॉलिसी धरते, म्हणून कुठल्याही नुकसानीचा तेवढा वाटा तुमचा. नऊतून आधी सॅल्व्हेज वजा, उरलेल्याचे दोन तृतीयांश, म्हणून सहाला पण कमी. हिशोब बरोबर होता, सांगितलं कुणी नव्हतं हे चूक.

एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आली, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंत कमी विमा असला तर माफ. तुमचा तेहतीस टक्के कमी होता, म्हणजे नव्या पॉलिसीतही वाचला नसता. आता फॉर्मवर पावसाळ्याआधीच्या मालाचा आकडा टाका, मार्च एंडचा नको.

टपरीवरचा_चहा

सगळ्या कंपन्या चोर आहेत, घेताना गोड बोलतात. धागाकर्ते, तुम्हाला फुकटचा सल्ला: बोर्डाचा सर्व्हेअर यायच्या आधी ते गंजके बोल्ट फेका आणि तुमच्याच दुकानातले नवीन दोन वाकवून तिथे ठेवा. म्हणावं वाऱ्याने गेले. सगळे करतात.

मोरपंखी

मी क्लेम डिपार्टमेंटला काम करते (कंपनीचं नाव नाही सांगणार) आणि वरच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार, कारण आमच्या ट्रेनिंगमध्ये मॉरल हॅझर्ड समजावायला एवढं चांगलं उदाहरण कधी मिळालं नाही.

काकांनी जे हॅझर्ड सांगितले ते फिजिकल, डोळ्यांना दिसतात. पण दोन माणसाच्या डोक्यातले असतात. मॉरल म्हणजे नियत खोटी असणं: नसलेला माल दाखवणं, स्वतःच आग लावणं, नवीन बोल्ट वाकवून ठेवणं. आणि दुसरा मोराल, इंग्रजीत शेवटी फक्त एक अक्षर जास्त. त्यात नियत वाईट नसते, पण 'विमा आहे ना, बघू नंतर' अशी बेफिकिरी असते. गाडी फुल इन्शुरन्सची आहे म्हणून कुठेही लावायची. बोल्ट गंजलेत हे दिसतं पण शिडी कोण लावणार. (सॉरी हातोडी_खिळे दादा.) अर्थशास्त्रवाले दोन्हीला मॉरल हॅझर्डच म्हणतात, पण आमच्याकडे फरक फार मोठा. बेफिकीर माणसाचा क्लेम आम्ही बहुतेक वेळा देतो, माणसाने निष्काळजी असणं गृहीतच आहे, नाहीतर विमा कशाला. खोट्या माणसाचा अख्खा क्लेम जातो, खरा भाग धरून. विम्याचा करारच परम विश्वासाचा मानलाय, एकदा खोटं सापडलं की बाकीचं खरं आहे हे पण कुणी ऐकून घेत नाही.

आणि चहावाले दादा, बोल्ट ताजा तुटला की जुना गंज हे बघायला लॅब लागत नाही हो. तुटलेल्या तोंडाचा रंग सांगतो.

टपरीवरचा_चहा

मी गमतीत म्हणालो होतो.

निवृत्त_सर्व्हेअर

मोरपंखी ताईंशी सहमत. हातोडी_खिळे, बोर्डाच्या क्लेममध्ये खरं तेच लिहा, वारा होता ते लिहा आणि बोल्ट जुने होते ते पण. गंज ही झीज झाली, ती जवळजवळ सगळ्या पॉलिसींतून वगळलेली असते, त्यामुळे बोर्डाचे पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही. वाऱ्याने पडला की गंजाने, यावर वाद होईल. आता यातच निकट कारण नावाचं प्रकरण येतं, म्हणजे अनेक कारणांतलं नुकसानीचं खरं कारण कुठलं धरायचं ते, पण ते लिहायला कुणी बोटीवरचा माणूस पाहिजे.

दर्यावर्दी_मालवण

बोलावलंत काका? बोटीवर वीस वर्षं काढली, हा किस्सा आम्हाला परीक्षेला होता.

पहिलं महायुद्ध, १९१५ चा जानेवारी, इकारिया नावाची बोट. जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, तरी बुडाली नाही, ओढत ओढत फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणली. धक्क्याला लावली तर वादळ सुटलं, बोट धक्क्यावर आपटायला लागली. बंदरवाले घाबरले की ही इथेच बुडाली तर धक्का अडेल, म्हणून बाहेर लाटरोधक भिंतीजवळ नेऊन बांधा म्हणाले. तिथे ओहोटीला तळाला टेकायची, भरतीला तरंगायची, असं होत होत शेवटी मोडली आणि बुडाली. विमा होता 'समुद्रातल्या पेरिल्स'चा, युद्ध वगळलेलं. मालक म्हणाले वादळाने बुडाली, कंपनी म्हणाली टॉर्पेडोने. १९१८ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की टॉर्पेडोने. वेळेने शेवटचं कारण धरायचं नाही, परिणामाच्या दृष्टीने जे सगळ्यात जोरदार ते धरायचं. बोट टॉर्पेडोच्या तावडीतून कधी सुटलीच नव्हती.

मालकांना एक पैसा नाही मिळाला.

कल्याण_स्लो

हे वाचून माझी जखम उघडी झाली. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, मी कलिन्याला, गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, मी हौसेने चावी फिरवली. खट्ट करून आवाज आला आणि संपलं. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. कंपनीने सीट, कार्पेट, वायरिंगचे दिले, इंजिनाचे नाही. म्हणे पुराने इंजिन बंद पडलं, मोडलं ते तुम्ही चावी फिरवल्याने. मी म्हटलं पूर नसता आला तर मी रोज चावी फिरवतोच की, रॉड नाही वाकत. नाही ऐकलं. आता इंजिन प्रोटेक्ट घेतो दर वर्षी आणि पाण्यात चावीला हात लावत नाही.

मोरपंखी

त्या वेळच्या असल्या केसेसवर आमच्यातल्या आमच्यात पण एकमत नव्हतं, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. पण तुमचं आताचं वागणं आदर्श, धक्का मारून बाहेर काढायची आणि टो करून न्यायची.

काळा_कोट_सातारा

लायबिलिटीवर सर्व्हेअर काका लिहिणार होते पण जेवण लांबलेलं दिसतंय, तर मी लिहिते. जिल्हा कोर्टात वकिली करते.

वरचं सगळं तुमच्या स्वतःच्या वस्तूंबद्दल होतं. लायबिलिटी म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान झालं ते भरून द्यायची कायदेशीर जबाबदारी. यात तुमची वस्तू जातच नाही, जातो तुमचा खिसा. विम्याच्या करारात पहिला पक्ष तुम्ही, दुसरा कंपनी, आणि उरलेलं सगळं जग तिसरा, म्हणून थर्ड पार्टी. तो पोरगा तिसरा आणि ॲक्टिव्हावाला पण तिसरा. लोक गाडीच्या विम्याला 'फर्स्ट पार्टी काढलाय' म्हणतात ते याच्याच उलट बाजूने आलंय.

गाडीबाबत सरकारने ही सक्ती केली कारण रस्त्यावरचा माणूस तुमची ऐपत बघून गाडीखाली येत नाही. थर्ड पार्टीत मृत्यू आणि इजेला कंपनीच्या देण्यावर वरची मर्यादा नाही, ट्रिब्युनल जे ठरवेल ते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खाजगी कारला साडेसात लाखांची आहे. दुकानाच्या बोर्डाला अशी सक्ती नाही, म्हणून शॉपकीपर्स पॉलिसीत पब्लिक लायबिलिटीचं सेक्शन असूनही एजंट ते रिकामं ठेवतो आणि आपण पण विचारत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर ते एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचं होर्डिंग पडलं, सतरा माणसं गेली, त्यानंतर चार दिवस सगळ्यांनी आपापल्या बोर्डाकडे मान वर करून बघितलं. मग परत माना खाली.

आता तुम्ही जबाबदार आहात का? निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो: काळजी घ्यायला हवी होती, घेतली नाही, त्यामुळे इजा झाली. गंजके बोल्ट, आणि मालक बोल्टचाच व्यापारी. मी समोरच्या बाजूने उभी असते तर मला फार बोलायला लागलं नसतं.

निष्काळजीपणा नसतानाही जबाबदारी येते असे पण प्रकार आहेत. १८६८ ची इंग्लंडमधली केस आहे, गिरणीवाल्याने तलाव बांधला, खाली जुनी खाण होती हे त्याला माहीत नव्हतं, पाणी फुटून शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं. कोर्ट म्हणालं धोक्याची वस्तू तू जमिनीवर आणलीस, सुटली तर तू भर. त्यात देवाची करणी वगैरे पळवाटा होत्या. १९८४ ला भोपाळ झालं, वर्षभरात डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम हे जहाल आम्ल गळलं, तेव्हा आपल्या सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती भगवती होते, सांगितलं की अशा घातक उद्योगांना एकही पळवाट नाही. त्यातून पुढे १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा आला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा. तुमचे थिनरचे डबे त्या प्रमाणात बसणार नाहीत, पण फॉर्मवर 'हॅझर्डस गुड्स'समोर हो लिहा. नाही लिहिलंत आणि आग लागली तर मोरपंखी ताई भेटतील.

मोरपंखी

हाहा. मी गोड आहे हो.

नारळपाणी

माझा शंकेचा किडा. आमच्या परड्यात एक माड आहे तो शेजाऱ्यांच्या अंगणात झुकलाय, खाली त्यांनी नवीन कार लावायला सुरुवात केलीय. नारळ पाडायला माणूस मिळत नाही. पडला तर कोण भरणार? माड आमच्या जमिनीत, नारळ त्यांच्या हवेत.

काळा_कोट_सातारा

शेजाऱ्यांनी तुम्हाला आधी सांगितलंय का की काढा म्हणून?

नारळपाणी

दोनदा. एकदा व्हॉट्सॲपवर.

काळा_कोट_सातारा

मग माणूस शोधा. व्हॉट्सॲप असताना कोर्टात 'कल्पना नव्हती' म्हणता येत नाही.

गुलमोहर_न्यूजर्सी

इकडे घराच्या विम्यात लायबिलिटी आतच असते, त्यामुळे कंपनी विचारते कुत्रा आहे का, पोहायचा तलाव आहे का, ट्रॅम्पोलिन आहे का. आम्ही पोरांसाठी ट्रॅम्पोलिन घेतलं तर एजंटचा फोन आला की काढा नाहीतर दुसरी कंपनी बघा. मला तेव्हा राग आलेला. शेजारची पोरं न विचारता येऊन उड्या मारतात आणि पडली तर मालक, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. अवांतर: चिपळूण माझं आजोळ, गांधारेश्वराच्या बाजूला. पेठेचे २०२१ चे फोटो बघवले नव्हते.

निवृत्त_सर्व्हेअर

वकील ताईंनी माझं काम वाचवलं. दोन गोष्टी पुस्तकात शोधून सापडत नाहीत म्हणून लिहितो.

एक, ॲक्टिव्हावाल्याची स्वतःची फुल पॉलिसी असेल आणि त्याच्या कंपनीने त्याला पैसे दिले तर विषय संपला असं समजू नका. त्याचा तुमच्यावरचा हक्क आता त्याच्या कंपनीकडे जातो, ती तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. छोट्या रकमेला सहसा कुणी येत नाही, पण हक्क असतो.

दोन, लायबिलिटी कव्हर घेतल्यावर अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात न्या, ती माणुसकी, पण कंपनीला विचारल्याशिवाय 'माझी चूक, सगळं भरून देतो' असं लिहून देऊ नका. कबुली आणि तडजोड कंपनीच्या संमतीशिवाय करायची नाही असं कलम असतं. मर्यादा पण दोन असतात, एका अपघाताची वेगळी आणि वर्षाची वेगळी, एकच आकडा बघून सही करू नका.

आणि तुमच्या त्या फ्रेमबद्दल काल रात्री विचार करत होतो. पुराच्या दिवशी ती रिस्क होती, बुडाली, भरपाईत धरली गेली असेल. रंगाखाली पाच वर्षं गंजत राहिली तेव्हा ती हॅझर्ड होती. परवा पोराच्या खांद्यावर आली तेव्हा लायबिलिटी झाली. लोखंड तेच.

हातोडी_खिळे

काका, हे वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते मग म्हणाले फ्रेम भंगारात घाल.

अपडेट देतो सगळ्यांना. फॉर्म भरला. मालाचा आकडा बावीस लाख टाकला, मे अखेरचा. हॅझर्डस गुड्सला हो लिहून थिनरचे लिटर पण लिहिले, एजंट म्हणाला हप्ता वाढेल, म्हटलं वाढू दे. पब्लिक लायबिलिटीचं सेक्शन घेतलं, हप्ता ऐकून हसायला आलं, दोन महिन्यांच्या चहाचे पण पैसे नाहीत. बोर्डाच्या क्लेममध्ये वारा आणि बोल्ट दोन्ही लिहिलं, सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेले, काय होईल ते होईल. ॲक्टिव्हाचं बिल मी भरलं, तो म्हणाला नुसता गाडीचा रंग मॅच होत नाही, तर म्हटलं माझ्याकडे बिनलेबलचे काही डबे अजून आहेत, बघ लागला तर.

बोर्ड आता लावायचाच नाही ठरवलंय. भिंतीवरच नाव रंगवून घेतोय, पेंटर सकाळपासून आलाय, अक्षर सुंदर आहे त्याचं.

काळा_कोट_सातारा

उत्तम. पेंटर शिडीवर आहे का?

हातोडी_खिळे

हो, का?

मोरपंखी

अरे देवा.

काळा_कोट_सातारा

तो पडला तर तो तिसरा पक्ष धरला जाईलच असं नाही, तुमचा कामगार आहे की स्वतंत्र कंत्राटदार यावर सगळं अवलंबून. कामगाराची जबाबदारी १९२३ सालच्या कायद्यापासून मालकाच्या डोक्यावर आहे आणि पब्लिक लायबिलिटीच्या सेक्शनमध्ये स्वतःचे कामगार सहसा धरत नाहीत, त्याची पॉलिसी वेगळी. तुमचे हमाल पण त्यातच येतात. शिडी कुणाची आहे?

हातोडी_खिळे

दुकानातलीच. विकायची होती ती, एक पायरी हलते म्हणून परत आलेली.

...

पेंटरला जेवायला पाठवलंय. शिडी आत घेतली. धाकट्याला नवीन शिडीचं प्लास्टिक फाडायला सांगितलंय.